पापणीवरचा मैदा

अब्बा, तुमच्या नातीच्या पापण्यांवर मैदा आहे. दोन्ही पापण्यांवर, आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यात चिमूटभर. तिला तो दिसत नाही. आरशात दिसत नाही, उन्हात दिसत नाही, कुसगावच्या ज्या हॉटेलात ती रिसेप्शनला उभी असते तिथल्या झगमगाटातही दिसत नाही. तो फक्त मला दिसला, एकदाच, भर दुपारी, दार-खिडक्या लावून केलेल्या काळोखात. त्याला महिना होत आला नि मी अजून कुणापाशी तोंड उघडलेलं नाही. कब्रस्तानात यायची आम्हा बायकांना रीत नाही, नाहीतर तिथंच येऊन बसले असते नि तुमचं डोकं खाल्लं असतं. म्हणून हा कागद.

कोणता मैदा, ते तुम्हाला सांगायला नको. लोक त्याला कोड म्हणतात. अम्मानं तो शब्द घरात कधी येऊ दिला नाही. तुमच्या बोटांवर पहिल्यांदा पांढरं उठलं तेव्हा मी दुसरीत की तिसरीत असेन. मी विचारलं, हे काय, तर ती झटक्यात म्हणाली, "मैदा लागलाय. बेकरीतल्या मानसाच्या हाताला मैदा न्हाई तर काय शाई लागंल?" झालं, तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव मैदा. मैदा मनगटापर्यंत आला. मैदा कोपराला लागला. "औंदा मैदा लय वाढलाय," असं अम्मा तुम्हाला हळूच म्हणायची नि ऐकणाऱ्याला वाटायचं, मैद्याच्या भावाबद्दल बोलतेय. एकदा शाळेत बाईंनी धडा वाचायला उभं केलं आणि त्यात आला 'कोडकौतुक'. माझी बोबडीच वळली. मी नुसतं 'कौतुक' वाचलं. बाई म्हणाल्या, नीट वाच. मी परत 'कौतुक'. तिसऱ्यांदा त्यांनी कान पिळला तेव्हा भोकाड पसरलं. घरी येऊन सांगितल्यावर तुम्ही पोट धरून हसलात. "अगं येडे, लाडाचं कोड येगळं नि अंगाचं येगळं. त्ये पुरवायचं असतं, ह्ये लपवायचं." अम्मा काही हसली नाही. तिनं तव्यावर भाकरी आपटली आणि मला पाणी आणायला पिटाळलं.

लोणावळ्याच्या बाजारातल्या त्या बेकरीत तुम्ही तेव्हा पुढं, गिऱ्हाइकांना माल द्यायला उभे असायचा. मला सुट्टी होती म्हणून मी तुमच्याबरोबर आलेली. मैद्याच्या पोत्यांवर बसून मी तुटक्या खाऱ्या खातेय. बाहेर भुरभुर लागलीय. तुम्ही ताडपत्री ओढून आत येता, हात ओलेचिंब, आणि तसेच पाव कागदात गुंडाळायला घेता. समोर मुंबईहून फिरायला आलेली एक बाई, तिची दोन पोरं. हातावरचं पीठ पाण्यानं धुतलं गेलंय नि खालचं तेवढं राहिलंय. बाईची नजर तुमच्या बोटांवर येते. पुडकं दोन बोटांनी तुमच्याकडं परत सरकवते, पोरांना दंडाला धरून ओढते आणि छत्रीही न उघडता पावसात निघून जाते. शेठनं गल्ल्यावरून सगळं पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. "भाऊ, उद्यापासनं तुमी आत भट्टीवर," म्हणाला, "हितं दुसरं कुनी बसंल. गिऱ्हाइकाचं कसं असतं, तुमी जानताच." तुम्ही म्हणालात, "व्हय शेठ." घरी येताना मी विचारलं, तुम्ही भांडला का नाही? तर म्हणे, "भट्टीवर ऊब असती. हितं गारठून मरायचं काय?" मग तुम्ही मरेपर्यंत भट्टीवरच होता. कधी बाहेर यायची वेळ आलीच तर आधी पिठाच्या परातीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून यायचा. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशीही तुम्ही तसेच आलात. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी हात धुवायला तांब्या पुढं केला तर म्हणालात, "ऱ्हाऊ द्या, परत भट्टीवरच जायचंय." त्यांना ते फार आवडलं. कष्टाळू माणूस, म्हणाले.

मला भाऊ नाही, म्हणून तुम्ही गेलात तेव्हा शेवटच्या आंघोळीला माझा नवरा उभा राहिला. दफन उरकून संध्याकाळी घरी आला, चप्पल न काढता कोपऱ्यात बसला, नि म्हणाला, "अब्बांच्या हातांचा मैदा निघाला नाही." मी म्हटलं, "तो निघायचा नाही." एवढंच बोलणं झालं आमचं त्यावर. त्यानं ही गोष्ट त्याच्या आईच्या कानावर घातली नाही. त्यासाठी मी त्याचे बाकीचे सगळे गुन्हे माफ केलेत, आणि ते काही थोडेथोडके नाहीत.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तळेगावात स्टेशनजवळ एक स्किनच्या डॉक्टर आहेत, मॅडम म्हणतो आम्ही. त्यांच्याकडं मी बरीच वर्षं आहे. नंबर लावायचे, मलमं द्यायची, म्हाताऱ्यांच्या शर्टाची बटणं सोडायची, आणि मॅडमनी हाक मारली की आतल्या खोलीत जाऊन दिवा धरायचा. हातात मावेल एवढा दिवा आहे, मधे भिंग बसवलेलं, जांभळट-निळा उजेड. खोलीत मिट्ट काळोख करावा लागतो. पेशंटनं डोळे मिटायचे, तो उजेड डोळ्यांना चांगला नसतो. मॅडमनी मला एकदा नीट समजावलं होतं. कातडीचा रंग बनवायचं काम जिथं बिघडतं, तिथं टेरिन नावाचं काहीतरी साठत जातं. इंग्रजीत त्याच्याआधी एक 'प' लिहितात नि बोलताना गिळून टाकतात, कशाला लिहितात कोण जाणे. साध्या उजेडात ते निपचित असतं. ह्या दिव्याखाली पेटतं. कळीच्या चुन्यासारखं पांढरं, कडेनं निळसर. सुई नको, रक्त नको, माणूस समोर जिताजागता बसलेला असतो आणि जे अजून कुणालाच दिसलेलं नाही ते तिथं उठून दिसतं. गोऱ्या माणसाचं तर फारच, कारण त्याचं उजेडात मुळी कळतच नाही.

त्याच जातीचं द्रव्य फुलपाखरांच्या पंखांत असतं, मॅडम म्हणाल्या, पिवळ्या नि पांढऱ्या फुलपाखरांच्या. त्यांना वाटलं मला गंमत वाटेल. पवनेच्या रस्त्याला पाऊस ओसरला की चिखलावर ती पिवळी फुलपाखरं थव्यानं बसतात, तुम्ही मला उचलून दाखवायचा. ह्या वर्षी कामशेतहून त्या बाजूला जायचं होतं, मामेबहिणीकडं. चिखलावर ती बसलेली दिसली आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, जरा जोरात घ्या.

पोरीचा आठवड्याचा सुट्टीचा वार मधलाच असतो, शनिवार-रविवार हॉटेलवाल्यांना कुठली सुट्टी. तर त्या दिवशी ती तळेगावात काही खरेदीला आली आणि दवाखान्यात डोकावली. मॅडम जेवायला गेलेल्या. मी दिवा पुसत होते. "अम्मी, माझ्यावर मार ना तो लाईट," म्हणाली, "ह्याच्यात दात चमकतात म्हणे. रील काढते." मी म्हटलं, काय येडबीड लागलंय का, दवाखाना आहे हा. पण तुम्हाला माहीत नाही ना, ती हट्टाला पेटली की माझं काही चालत नाही. पडदा ओढला, दार लावलं, तिला स्टुलावर बसवलं. डोळे मीट, म्हटलं. तिनं डोळे मिटले, दात विचकले, नि मी बटण दाबलं.

दात चमकले. मी हसलेही. आणि मग वर पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि त्या जागी दोन पांढरे डोळे उघडे होते, माझ्याकडंच बघत असलेले. या अल्लाह! पहिलं मनात आलं, पोरीनं डोळ्यांवर काहीबाही फासलंय. पावडर, साबण, टॉवेलचा धागा, ह्यातलं काहीही त्या दिव्याखाली चमकतं, म्हणून पेशंटला आधी धुवून यायला सांगतातच. म्हटलं, जा, तोंड धुऊन ये, मेकअपनं सगळं चकाकतंय, नुसते दात नीट दिसत नाहीत. ती धुऊन आली. तसंच. म्हटलं, साबण राहिलाय, नुसत्या पाण्यानं धू आणि पुसू नकोस. "एका रीलसाठी?" असं म्हणत गेली नि निथळत्या तोंडानं परत आली. वारा घालून तिचं तोंड मी वाळवलं. दिवा लावला. तसंच होतं. उलट आता कडा जास्त नीट दिसत होत्या. मी हळूहळू दिवा कपाळावरून गळ्यापर्यंत फिरवला, पेशंटवर फिरवतात तसा. ओठाचा कोपरा सापडला. बाकी चेहरा निळा, साफ. "झालं का?" तिनं विचारलं. "झालं," म्हटलं, "तुझे दात माझ्यापेक्षा बरे आहेत." दिवा बंद केला.

मी कशी बोलणार होते, सांगा. तिच्या हॉटेलात एक मुलगी आहे, गालाला भाजल्याची खूण असलेली. पुढं काउंटरवर घेतली होती, मग चादरी-टॉवेलच्या कामाला मागं पाठवली. पोरीनं मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, आजचा पाऊस सांगावा तसं. "फ्रंटला चालत नाही अम्मी तसं," म्हणाली. तेव्हा मी 'हं' म्हणून सोडून दिलं. आता ते वाक्य माझ्या डोक्यात घण घालतं. भट्टी तेवढी बदललीय. मागच्या दारानं आत पाठवायची रीत आहे तशीच आहे, आणि मला भीती वाटते, अब्बा, सरळ सांगते, मला फार भीती वाटते. रोज सकाळी ती काजळ घालायला खिडकीशी बसते आणि मी चहाचा कप घेऊन उगाच तिच्यासमोर उभी राहते. दिसलं का? अजून नाही. उद्या दिसेल का? परवा? चेहरा तिचा, नि त्याच्यावर काय उगवणार हे घरात मला एकटीलाच ठाऊक. माझ्याच पोरीचा चेहरा मला बघवेनासा झालाय.

त्यातच परवा तिनं आरशात वाकून बघितलं. "अम्मी, इथं जरा फिकट नाही वाटत?" पापणीवर बोट ठेवून. मी म्हटलं, "झोप होत नाही तुझी. मोबाईल कमी कर." बोलताना माझा आवाज हुबेहूब अम्मासारखा निघाला. आणि काल दवाखान्यात एक बाप आपल्या मुलाला घेऊन आला, देहूरोडकडचा. मुलाच्या गालावर मोठा डाग. इतके दिवस काय करत होता, मॅडमनी विचारलं. तो म्हणाला, घरचे म्हणाले, बोलू नका, आपोआप जाईल. मॅडम भडकल्या. "चेहऱ्यावरचं ऐकतं हो औषधाला! हाताच्या बोटांचं ऐकत नाही, चेहऱ्याचं ऐकतं. पण वेळेवर आलात तर ना." बापाची मान खाली. दिवा माझ्या हातात होता. मला वाटलं मॅडम माझ्याकडंच बघून बोलताहेत.

तुमच्या बोटांना त्या वेळी औषध मिळालं असतं तरी फारसा उपयोग झाला नसता, हे मला त्या वाक्यानं कळलं. तिची गोष्ट तशी नाही. तिच्या बाबतीत जो दिवस जातो तो माझ्यामुळं जातो.

इथवर लिहून कागद मिटला होता. आज पुढचं लिहितेय.

आज तिला सुट्टी होती. जेवणाचा डबा विसरले, घेऊन ये, असा फोन केला नि डबा मुद्दामच घरी ठेवला होता. मॅडमना सकाळीच सांगून ठेवलं, एक घरचा पेशंट आहे. पोरगी आली, डबा टेबलावर ठेवला. मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. काय बोलायचं ते येताना घोकलं होतं. तोंडातून निघालं, "बाळा, तुझ्या पापणीवर मैदा…"

"मला माहितीये," ती म्हणाली.

मी दाराची कडी पुन्हा चाचपली.

"दोनदा तोंड धुवायला लावलंस तेव्हाच शंका आली. घरी गेल्यावर नेटवर बघितलं, तो दिवा कशाला असतो ते. आणि महिनाभर माझ्या ताटात तुझ्या वाटणीचे बोंबील. सकाळी गरम पाण्याची बादली तयार. ओरडणं बंद. एवढे लाड तू आजारी माणसाचेच करतेस, अम्मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले." इथपर्यंत ती शांत होती. मग ओठ थरथरायला लागला, तोच कोपरा. "मी आरशासमोर विचारलं तुला. सरळ विचारलं. आणि तू म्हणालीस झोप होत नाही. तुझ्या हातात दिवा असतो रोज, तू लोकांच्या पोरींना धीर देतेस, नि मला म्हणालीस मोबाईल कमी कर!" असं म्हणून ती रडली. मीही रडले. मला तिला जवळ घ्यायचं होतं पण ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, आणि तिचं बरोबरच होतं.

मॅडम आल्या. तिला बसवलं. दिवा मी धरला, दुसरं कोण धरणार. पापण्या होत्या, ओठ होता, आणि कपाळाच्या वर, केसांच्या रेषेला लागून, एक नवा डाग होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. मागच्या वेळी तिथं काही नव्हतं. मला पक्कं माहीत आहे, मी स्वतः दिवा फिरवला होता. मॅडमना ते माहीत नाही. त्या म्हणाल्या, "लवकर आलात, बरं झालं." पोरीनं मिटल्या डोळ्यांनीच माझ्याकडं तोंड वळवलं. मलम लिहून दिलं, पुढं लागलं तर उजेडाचे शेक देऊ, म्हणाल्या. बहुतेक ऐकेल, पण तशी हमी मी देत नाही, असंही म्हणाल्या. मग विचारलं, घरात कुणाला होतं का?

पोरीनं डोळे उघडले. तिला ते ठाऊक नव्हतं, अब्बा. तुम्ही तिच्यासाठी बेकरीतले आजोबा, भिंतीवरच्या फोटोतले, हात मागं बांधून उभे.

"माझ्या वडिलांना," मी म्हटलं. "हातांवर. कोड."

असा तो शब्द बाहेर आला, एवढ्या वर्षांनी. काही कोसळलं नाही. मॅडमनी कागदावर टिपून घेतलं नि बाहेरच्या पेशंटला हाक मारायला गेल्या. खोलीत अजून काळोखच होता. पोरगी उठली, माझ्या हातातला दिवा काढून घेतला आणि स्टुलाकडं मान हलवली. "आता तू बस."

"माझं काय आता?"

"तू मध्ये आहेस, अम्मी. एका बाजूला ते, एका बाजूला मी. हात दे."

ज्याच्या हातात दिवा, त्याचा हात उजेडाच्या पाठीमागं राहतो. इतकी वर्षं मी हजार कातड्या पाहिल्या असतील, माझी कधी समोर आली नाही. आणावी असं मनातही आलं नाही. नाही, तेही खोटंच. आलं होतं. पुष्कळदा आलं होतं.

"थांब जरा," मी म्हटलं, "दिवा तापलाय." तिनं तो गुपचूप टेबलावर ठेवला, माझ्यावर विश्वास ठेवून, आणि डबा उघडून मला भरवायला बसली. हा कागद कुठंच जाणार नाही, तुमच्यापर्यंत तर नाहीच, म्हणून लिहून टाकते. तो दिवा तापत नाही, अब्बा.